कातड्याचा वास

...तर मडकं फोडलं ते कादिरालीच्या बापानं नव्हे, आजीनं. काल बोलण्याच्या भरात बापाच्या नावावर खपवलं गेलं. बाप बिचारा कशातच नव्हता, तो मेंढ्यांमागे डोंगरात. आजीनं मातीचं मडकं कोंड्याच्या पोत्यात घातलं, वरून लाटण्याचे दोन रट्टे हाणले, पोत्याचं तोंड शिवलं आणि कादिरालीच्या पुढ्यात ठेवलं. म्हणाली, "जोड. आत हात घालायचा नाही. बाहेरून चाचपायचं आणि जोडायचं."

हाडवैद्याचं शिक्षण आमच्याकडं असंच. अकरा दिवस तो पोतं मांडीवर घेऊन बसला. बोटांनी खापऱ्या शोधायच्या, कडेला कड लावायची, भोवती कोंडा दाबून ती धरून ठेवायची. बाराव्या दिवशी आजीनं शिवण उसवली, कोंडा हळूहळू काढला, तर मडकं अख्खं उभं. फक्त काठाचा अंगठ्याएवढा तुकडा नव्हता, आणि कादिरालीनं नेमका तिथंच अंगठा दाबून धरलेला.

"तुकडा कमी आहे हे तुला कळलं होतं?" आजीनं विचारलं.

"कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं माझ्याकडूनच हरवला."

आजीनं खिशातून तो तुकडा काढला. "हात चांगले आहेत तुझे," ती म्हणाली. "पण जे सापडत नाही ते सांगायला शीक. नाहीतर एक दिवस कोणाचा तरी जीव घेशील."

तेरेकसू गावात ही गोष्ट सगळ्यांना पाठ. सगळे ती सांगतात कादिरालीच्या हातांचं कौतुक म्हणून. शेवटचं वाक्य गाळून. तोही गाळायचाच.

त्याच्या हातांना डोळे होते म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. खांदा निखळलेला माणूस चहाचा पेला उचलायच्या आत बरा होऊन जायचा. सामुदायिक शेताच्या अध्यक्षाचा हात मोडला तेव्हा नारिन शहराच्या दवाखान्यात त्याला प्लास्टर घातलं. अध्यक्षसाहेब घरी आले, बायकोच्या कुऱ्हाडीनं प्लास्टर फोडलं आणि कादिरालीच्या दारात उभे. "आके," थोरल्या भावाला म्हणतात तसं ते म्हणाले, "तिथं सगळे कागद बघतात, हात कुणी बघत नाही." कादिरालीनं नुसतं चाचपून सांगितलं, "हाड नीट बसवलंय त्यांनी. प्लास्टर का फोडलंत?" तरी मेंढी कापली गेलीच, अध्यक्षाला रिकामं परत कसं पाठवायचं.

रीत अशी. रुग्णाकडचे मेंढी घेऊन येत. ती दारात कापायची, गरम कातडं सोलल्यासोलल्या मोडक्या अवयवावर गुंडाळायचं, लोकर बाहेर. वर विलोच्या झाडाच्या फोकांच्या कामट्या आणि लोकरीचा पट्टा. पोटात शिलाजित, दुधातून. वाळेल तसं कातडं आवळत जातं आणि हाडाला जागचं हलू देत नाही. चाळीस दिवस सोडायचं नाही. दहाव्या दिवसापासून ते कुजायला लागतं, त्याचा असा भपकारा सुटतो की पाहुणे चहा बाहेरच मागतात. कादिरालीची बायको उमसुनाय म्हणायची, "कुत्री दाराशी जमली, म्हणजे हाड धरलं." सगळे हसायचे. वास आला की गाव निश्चिंत.

त्यांचा मुलगा जापर. सत्तावीस वर्षांचा, नवीन लग्न झालेला, घोड्यावर बसला की कमरेखाली घोडाच वाटावा असा. माघातल्या थंडीत खालच्या गावच्या लग्नात उलाक होता. बकऱ्याचं धड ओढून न्यायला चाळीस-पन्नास घोडेस्वार एकमेकांवर कोसळतात, तो खेळ. बर्फाखालच्या निसरड्यावर जापरचा घोडा आडवा झाला, आणि जापर त्याच्याखाली. घोडा उठला. जापरच्या नडगीतून हाडाचं टोक विजार फाडून बाहेर आलेलं, सोललेल्या फोकासारखं पांढरं.

बेयशेन नावाचा ट्रकवाला त्याला घेऊन आला. इंजिन बंद केलंच नव्हतं त्यानं. "कादिराली आके, खिंड उघडी आहे. चार तासांत नारिनला पोचवतो. तुम्ही फक्त बांधून द्या."

अंगणात लग्नातलेच वीस-पंचवीस लोक जमले होते, सगळे कादिरालीच्या तोंडाकडं बघत. यांच्यातल्या निम्म्यांची हाडं त्यानंच जोडलेली.

"दुसऱ्याच्या पोराला मी दवाखान्यात पाठवतो का?" कादिराली म्हणाला.

"नाही पाठवत."

"मग माझ्याला कुठल्या तोंडानं पाठवू?"

बेयशेन चिडखोर माणूस. "तोंडानं नाही आके, ट्रकनं पाठवायचंय," तो म्हणाला. कोणी हसलं नाही. उमसुनाय पोराचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, तीही काही बोलली नाही. ते तिनं स्वतःला पुढं कधी माफ केलं नाही. बेयशेननं इंजिन बंद केलं.

कादिरालीनं जखम मिठाच्या कोमट पाण्यानं धुतली. मग टाच धरून ओढलं, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं टोक दाबलं, आणि हाड आत गेलं. सहज, खण सरकवावा तसं. अंगणात एक सुस्कारा फिरला. कादिराली मनातून खूश झाला, हे खरं तेच सांगायला हवं. असं हाड इतक्या सफाईनं त्यानं आधी कधी बसवलं नव्हतं. त्या हाडाबरोबर आत काय काय गेलं, विजारीचा धागा, लीद, घोड्याचा केस, ते बघणारे डोळे हातांना नव्हते. मेंढी कापली. कातडं बांधलं.

सहाव्या दिवशी ताप चढला. "हाड सांधताना ऊब धरतंच," कादिराली म्हणाला.

नवव्या दिवशी उमसुनाय म्हणाली, "सोडून बघा."

"चाळीस दिवस म्हणजे चाळीस."

"वास येतोय."

"कातड्याचा."

"कातड्याचा नाही हा."

"तीस वर्षं झाली तुला या घरात, अजून कातड्याचा वास कळत नाही?"

"तीस वर्षं तोच घेतला, म्हणून तर म्हणते."

तो उठून बाहेर गेला. हे त्याचं उत्तर. खरं म्हणजे त्याच्याही नाकाला काही तरी वेगळं लागलं होतं. गोडसर, जड. पण कातडं सोडायचं म्हणजे हाड हलणार, आणि हाड हललं तर वीस-पंचवीस लोकांदेखत बसवलेलं ते सगळं फुकट. कुत्री दाराशी जमली होती. गाव निश्चिंत होतं.

एकतिसाव्या दिवशी कातड्याखालून हिरवट पाणी अंथरुणावर उतरलं, तेव्हा त्यानं पट्टा कापला. जापर तोवर निम्मा झाला होता. कातडं निघालं, आणि उमसुनाय पाण्याचं भांडं तिथंच ठेवून भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. नडगीवर हात ठेवावा एवढी जागा काळी पडलेली, मधोमध भोक, आणि भोकातून पू. हाड मात्र धरलं होतं, सरळ. त्या घाणीत ते सरळ धरलेलं हाड बघून कादिरालीला रडू आलं. ते अभिमानाचं की कशाचं, त्याचं त्याला ठाऊक.

गावच्या कंपाउंडरनं पेनिसिलिनच्या सुया दिल्या. ताप उतरला, महिन्याभरात भोक बुजलं. मेजवानी झाली. वसंतात कळप उन्हाळी कुरणांकडं निघाले आणि जापर घोड्यावर बसून गेला. दुसऱ्या वसंतात नडगी लाल झाली, तापली, आणि भोक पुन्हा उघडलं.

मग हा फेराच झाला. नासूर वाहायचं, सुया टोचायच्या, सुकायचं. सुकलं की पाच सुया शिल्लक असताना माणूस घोड्यावर, कारण कुरणं थांबत नाहीत. पुन्हा वाहायचं. कधी कधी पुवातून हाडाची बारीक कुसळं बाहेर यायची, भाताच्या तुसासारखी. जापरची बायको बुरुल ती धुऊन एका रेशमी थैलीत ठेवायची. माणसानं मातीत जाताना अख्खं जायचं असतं. जे आधी गळलं ते सांभाळून ठेवायचं. थैली दिवसेंदिवस फुगत चालली. बुरुल ती कुणाला दाखवत नसे, पण कुठं ठेवलीय ते कादिरालीला ठाऊक होतं, आणि तिकडची भिंत तो टाळायचा.

जापर बुटात चिंधी कोंबून हिंडायचा. जेवायला बसताना लोक वाऱ्याची दिशा बघून बसत. तो हसण्यावारी न्यायचा. एकदा पंगतीत म्हणाला, "काय करणार, बाबांनी कातडं बाहेरून काढलं, आतलं राहिलं." सगळे हसले. कादिरालीही हसला, मग हात धुवायला म्हणून उठला तो पंगत संपेस्तोवर परत आला नाही.

सात वर्षं अशी गेली. सातव्या वर्षी, घोड्यावरून नुसता उतरताना, पडला नाही की आपटला नाही, जापरची तीच नडगी त्याच जागी कडकन मोडली. बेयशेन ट्रक घेऊन आला. या वेळी त्यानं विचारलं नाही.

नारिनच्या दवाखान्यात आनिपा नावाची डॉक्टरीण होती. बुटकी, चाळिशीची, लोकरीच्या नमद्याच्या तंबूत वाढलेली, धनगराची पोर. तिनं एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि कादिरालीला जवळ बोलावलं. "आके, तुम्ही हाडवैद्य ना? मग बघा."

नडगीच्या फोटोत एक लांबट पांढरा तुकडा होता, आणि त्याच्याभोवती बाहीसारखं नवं खडबडीत हाड.

"हा मधला तुकडा मेलाय," ती म्हणाली. "तेव्हाच मेला, सात वर्षांपूर्वी. शरीरानं त्याच्याभोवती नवं हाड रचलं, म्हणून पाय उभा राहिला. पण मढं घरातच राहिलं."

"सुया दिल्या होत्या. किती तरी."

"औषध रक्तातून जातं, आके. मेलेल्या हाडात रक्त नाही. तिथं पोचणार कुठून? जंतू त्या तुकड्यावर मुक्काम ठोकून बसलेत. सुया चालू असतात तोवर दारं लावून गप्प पडतात, तुम्ही कुरणात गेलात की बाहेर. मेलेलं आधी काढायचं, सगळं, लालबुंद रक्त दिसेपर्यंत. मग आतला नमुना तपासून कोणत्या औषधानं जंतू मरतात ते बघायचं, आणि ते औषध पुरे आठवडे द्यायचं. सुकलं म्हणून थांबायचं नाही."

कादिरालीनं त्या पांढऱ्या तुकड्यावर बोट ठेवलं. मग त्यानं तिला ते सांगितलं, जे घरीसुद्धा कधी बोलला नव्हता. सहाव्या दिवशीचा ताप. तो गोडसर वास. "मी म्हटलं कातड्याचा."

तिनं त्याला फैलावर घेतलं नाही. घेतलं असतं तर त्याला सोपं गेलं असतं. "माझ्या आईचा हात कातड्यातच जुळला," ती म्हणाली. "वरची चामडी फाटलेली नसेल तर कातडं वाईट नाही. पण हाड एकदा हवा खाऊन आलं की ते मोडलेलं हाड राहत नाही, ती जखम असते. ती धुवायला लागते, उघडी ठेवायला लागते, रोज बघायला लागते. चाळीस दिवस झाकायची नसते."

"पाय कापणार?"

"कापला तर महिन्याभरात घरी जाल. ठेवला तर वर्ष जाईल, आणि खात्री मी देत नाही. त्याला विचारा."

जापरला विचारलं. तो म्हणाला, "एका पायानं घोड्यावर कसं बसतात ते कळवा, मग कापा."

तिनं तीन बोटं हाड काढून टाकलं. नडगीत तेवढं भगदाड. मग पायाभोवती लोखंडी कडी बसवली, कड्यांतून तारा हाडाच्या आरपार. वरच्या निरोगी हाडाला आडवा काप दिला आणि सांगितलं, हा तुकडा रोज एक मिलिमीटर खाली सरकवायचा. मागं जी फट पडेल तिच्यात नवं हाड धरतं. एका दमात नाही, दिवसातून चार वेळा, प्रत्येक वेळी नटाचा पाव फेरा. घाई केली तर हाड धरत नाही, आळस केला तर मध्येच जुळून बसतं.

पाना तिनं कादिरालीच्या हातात ठेवला. "माझ्या परिचारिकांपेक्षा तुमचे हात बरे."

अठ्ठावन्न दिवस त्यानं नट फिरवले. सकाळी, दुपारी, चहाच्या वेळी, दिवे लागल्यावर. तारा चामडीत शिरतात त्या जागा उकळलेल्या पाण्यानं पुसायच्या, लाली आहे का बघायची. रोज वास घ्यायचा. नाक अगदी पायाशी नेऊन, डोळे मिटून, तो एकेका तारेचा वास घ्यायचा. शेजारच्या खाटेवरचा एक म्हातारा एकदा म्हणाला, "आके, खरबूज पिकलंय का बघताय?"

"हो," कादिराली म्हणाला. "या वेळी बघतोय."

जापर भिंतीकडं तोंड करून पडलेला असायचा. एकदा नट फिरत असताना म्हणाला, "दुखतंय."

"ठाऊक आहे."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

कादिरालीनं पाव फेरा पुरा केला आणि पाना फडक्यात गुंडाळला.

त्याच सुमारास आनिपानं त्याला व्हरांड्यात बोलावलं. जापरच्या लघवीत काही दिसत होतं. पहिल्या तपासणीतही होतं, पण तेव्हा कमी. सात वर्षं अंगात पू मुरला की त्याचा गाळ मूत्रपिंडांत बसतो, ती म्हणाली. सगळ्यांच्या बाबतीत होत नाही, याच्या झालंय. "पाय मी देईन, आके. मूत्रपिंडं मला देता येत नाहीत."

"किती?"

"दोन वर्षं. कदाचित तीन. त्याला मी सांगू की तुम्ही सांगता?"

"मी सांगतो," कादिराली म्हणाला.

सांगितलं नाही. खाटेशी गेला, पाना घेतला, पाव फेरा दिला. जापरनं विचारलं, "काय म्हणाली?" तर म्हणाला, "हाड चांगलं धरतंय." ते खोटंही नव्हतं.

पुढच्या शरदात कडी निघाली. नडगी सरळ, दोन्ही पाय सारखे, नासूर बंद. जापर काठीविना घरापासून ओढ्यापर्यंत चालत गेला आणि परत आला. एकदा घोड्यावर बसून घराला वळसा घातला. बुरुल दारात उभी राहून हसत होती, आणि उमसुनायनं मेंढी कापायला काढली, तेव्हा कादिराली म्हणाला, "कातडं बाहेर टाक. घरात ठेवू नकोस."

सकाळी जापरचं तोंड सुजलेलं असायचं. आधी डोळ्यांखाली, मग पाय, मग पोट. लघवीला फेस. बूट पायात जाईना, तोही दोन्ही पायांत सारखाच जाईना. एका संध्याकाळी त्यानं बापाला विचारलं, "त्या दिवशी व्हरांड्यात एवढंच म्हणाली का ती?"

 "नाही," कादिराली म्हणाला, आणि सगळं सांगितलं.

जापर ऐकून घेतल्यावर म्हणाला, "म्हणजे बुरुलला मी उगाच सांगत बसलो, पुढच्या वर्षी शिंगरू घेऊ म्हणून."  त्या दिवसापासून बापाशी तो कमी बोलायला लागला, आणि जे बोलायचा ते अगदी नीट, पाहुण्याशी बोलावं तसं.

फेब्रुवारीत तो गेला. जनाज्याआधी अंघोळ घालणाऱ्यांनी बाहेर येऊन सांगितलं की पाय अगदी सरळ आहे, हाडवैद्याच्या मुलाला शोभेल असा. चांगल्या भावनेनंच सांगितलं. बुरुलनं ती थैली कफनात ठेवायला दिली. थैली कादिरालीच्या हातून गेली. त्यानं एकदा सवयीनं बाहेरून चाचपली आणि बोटं चटका बसल्यासारखी मागं घेतली.

त्यानंतरही लोक यायचेच. खांदे, मनगटं, बोटं. तो बसवायचा. कातडं कधी बांधायचा, कधी नाही. बांधलं तर पाचव्या दिवशी सोडून बघायचा. लोक म्हणत, म्हातारा भित्रा झाला. उमसुनाय ऐकून घ्यायची आणि भांडी जरा जोरात ठेवायची.

दोन हिवाळे गेले. उलाकाचा हंगाम होता. बेयशेनचा ट्रक अंगणात आला. मागं नमद्यावर ओर्मोन नावाचा धनगर पडलेला, घोट्याच्या वर हाड बाहेर, नमदा रक्तानं भिजलेला. शेजारी त्याची आई, आणि फळीला बांधलेली एक मेंढी. पाठोपाठ पंधरा-वीस घोडेस्वार अंगणात शिरले.

ओर्मोनची आई ट्रकमधूनच म्हणाली, "आके, तुम्ही बसवा. तुमच्या हातांना डोळे आहेत. नारिनचे डॉक्टर नकोत आम्हाला, ते पाय कापतात."

कादिराली वर चढला. त्यानं आधी पावलाला हात लावला. ते गरम होतं, म्हणजे रक्त खालपर्यंत पोचत होतं. उमसुनाय न सांगता उकळत्या पाण्यातून काढलेलं फडकं घेऊन आली. ते त्यानं हाडावर नुसतं झाकलं. आत ढकललं नाही. दोन्ही बाजूंनी कामट्या लावल्या, पट्टा बांधला.

"आता हाड?" ओर्मोनची आई म्हणाली.

बेयशेन फळीशी उभा होता, मेंढीच्या दाव्याला हात लावून. इंजिन चालूच होतं. "आके," त्यानं हळूच विचारलं, "मेंढी उतरवू का?"

सगळं अंगण कादिरालीच्या तोंडाकडं बघत होतं, अकरा वर्षांपूर्वी बघत होतं तसंच. त्यानं दोन्ही हात विजारीला पुसले, ओर्मोनची टाच आपल्या मांडीवर घेतली, आणि म्हणाला:

"मेंढी राहू दे, बेयशेन. माझ्या मडक्याचा एक तुकडा पहिल्यापासून कमी होता, मी तिथं अंगठा दाबून बसलो होतो, आणि माझा जापर त्या भोकातून गेला. हे गावभर सांगा, काही गाळू नका. आता गाडी काढ, नारिनपर्यंत पाय मी धरून बसतो."